दाढी आहे, चष्मा आहे आणि रोज चार-पाच तास लाकूडकाम. धुळीसाठी पंख्याचा (पॉवर्ड) रेस्पिरेटर कोणता घ्यावा?

दाढीवर घट्ट मास्क बसतच नाही, कडेने धूळ आत जाते. त्यामुळे सैल हूड किंवा व्हायझरवालाच (चेहऱ्यासमोर पारदर्शक ढाल असलेला) घ्या. चष्म्यावर वाफही धरत नाही.

खोक्यावर EN 12941 (अशा सैल हूडच्या रेस्पिरेटरचं युरोपीय मानक) आणि TH2P किंवा TH3P हा संरक्षणाचा वर्ग छापलेला हवा. NIOSH या अमेरिकन सरकारी संस्थेच्या मान्यतेच्या सैल हूडला मिनिटाला किमान 170 लिटर हवा लागते. नुसतं 'HEPA' (बारीक धूळ अडवणारा फिल्टर) लिहिलेल्या स्वस्त हेल्मेटवर पैसे घालवू नका. लेथवर काम असेल तर व्हायझर EN 166 (डोळ्यांच्या संरक्षणाचं युरोपीय मानक) चा, 'B' या आघात सोसण्याच्या खुणेचा घ्या. उडालेला तुकडा साध्या प्लास्टिकला जुमानत नाही.

मोटर-बॅटरी कमरेला असलेली बरी. सगळं डोक्यावर असलं की तासाभरात मान बोलायला लागते. हवा कमी झाल्याचा अलार्म हवाच, कारण पंखा थांबला की सैल हूड जवळपास निरुपयोगी.

फिल्टर कॉम्प्रेसरने फुंकू नका, तंतू फाटतात, त्यापेक्षा प्री-फिल्टर (मुख्य फिल्टरच्या पुढची जाड धूळ अडवणारी जाळी) बदला. पॉलिश-थिनरची वाफ हा फिल्टर अडवत नाही. आणि मशीन बंद केल्याबरोबर हूड काढू नका, बारीक धूळ बराच वेळ तरंगत असते.