वाचकांचे प्रश्न : ‘आजी लोकांना झोपवायची’

प्रश्न : माझी आई भूलतज्ज्ञ होती. गेल्या वर्षी ती गेली. तिच्या नातवंडांसाठी छोटी पुस्तिका करायला घेतली आहे, पण मजकूर ‘प्रेमळ, कष्टाळू, घर आणि व्यवसाय दोन्ही सांभाळणारी’ याच्या पुढे सरकत नाही. ती कामाबद्दल घरी बोलायचीच नाही. नातू शाळेत सांगतो, ‘आजी लोकांना झोपवायची’. आम्हां भावंडांनाही फार वेगळं सांगता येणार नाही. सवयी मात्र एकेक होत्या. कुणी आजारी पडलं, की पहिला प्रश्न ‘शेवटचं काय खाल्लंस, किती वाजता?’ नातवाचा दात हलायला लागला, की तो पडेपर्यंत रोज चौकशी. नवा पाहुणा आला, की त्याच्या हनुवटीकडे टक लावून बघायची. आम्हांला लाज वाटायची. नात जन्मली तेव्हा नुसतं ‘नऊ!’ म्हणाली आणि रडायला लागली. कपाटात तिची एक वही सापडली आहे. तीत रुग्णांची नावं आणि ऑपरेशनं लिहिलेली आहेत. त्यातली काही पानं छापू का?
— एक वाचक

उत्तर : संपादकांनी तुमचं पत्र माझ्याकडे धाडलं, कारण मीही आयुष्यभर भूलच दिली. तुमच्या आईंना मी कधी भेटले नाही, पण पत्र वाचताना मला हसू आवरेना. काम घरी आणायच्या नाहीत म्हणता? रोज आणत होत्या की!

‘शेवटचं काय खाल्लंस’ यात माया होतीच, पण तो आमचा पहिला प्रश्नही आहे. भूल चढली, की ठसका लागणं, गिळणं या शरीराच्या राखणी बंद पडतात. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी हलकं खाणं निदान 6 तास आणि पाणी 2 तास बंद ठेवतात. दाताचंही तसंच. श्वासनलिकेत नळी घालताना घशात लॅरिंगोस्कोप (जीभ उचलून आतलं दिसावं म्हणून वापरायचं दिव्याचं पातं) घालावा लागतो. त्या वेळी हलणारा दात निखळून आत गेला, तर साध्या ऑपरेशनचा घोळ होतो. आणि हनुवटी! आखूड हनुवटी, जाड मान, कमी उघडणारं तोंड दिसलं, की आमच्या मनात हिशेब सुरू होतो : याला नळी घालायला त्रास पडेल. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून घशाचा अंदाज घ्यायची मल्लंपाटी यांची पद्धत 1985 साली प्रसिद्ध झाली, पण माणसांच्या माना न्याहाळायची खोड त्याहून जुनी आहे. पाहुण्यांनी गैरसमज करून घेतला नसावा, एवढीच आशा.

‘नऊ’वर मात्र मी थांबले. बाळ जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याला गुण देतात : हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चाळवल्यावरचा प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला 0 ते 2. ही पद्धत 1952 साली मांडली ती व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन बाईंनी, आणि त्या भूलतज्ज्ञ होत्या. शिकल्या होत्या सर्जरी, पण वरिष्ठांनी त्यांना भुलीकडे वळवलं. पहिल्या मिनिटाला दहापैकी दहा क्वचितच मिळतात, कारण हातपाय थोडे निळसर असतातच. म्हणजे तुमच्या मुलीला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि खोलीत त्याचा अर्थ कळणाऱ्या कदाचित त्या एकट्याच कुटुंबीय होत्या. हे पुस्तिकेत घ्याच, आणि नातीच्या जन्माच्या कागदांवर तो आकडा आहे का तेही बघा.

नातवाचं वाक्य थोडं दुरुस्त करायला हवं. झोपलेला माणूस हाक मारली की उठतो; भूल दिलेला उठत नाही, कित्येकदा स्वतःहून श्वासही घेत नाही. झोपवण्याचं काम दोनेक मिनिटांचं. त्यापुढचे तास आजी त्याच्या डोक्याशी बसून असायची, आणि दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब चार्टवर मांडायची. तुमच्या आई जुन्या काळात शिकल्या असतील, तर रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरविना शिकल्या. त्याचं तत्त्व 1970च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी शोधलं, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये ते यंत्र रुळलं 1980च्या दशकात. त्याआधी एक हात श्वासाबरोबर फुगणाऱ्या भुलीच्या पिशवीवर, एक बोट नाडीवर, डोळे ओठांच्या आणि जखमेतल्या रक्ताच्या रंगावर. यंत्र आल्यावर कानही कामाला लागले, कारण ऑक्सिजन उतरला की त्याच्या टिकटिकीचा सूर खाली येतो. आठवून बघा, आवाज झाल्यावर नव्हे, चालू आवाज बदलल्यावर त्यांना जाग यायची का?

आता माहिती कुणाकडून काढायची? रुग्णांच्या मागे लागू नका. त्यांना सर्जनचं नाव आठवतं, आमचं नाही, आणि भूल नीट उतरली असेल तर आठवायला काही उरतही नाही. सर्जन ‘फार छान बाई होत्या’ म्हणून मोकळे होतील. थिएटरच्या जुन्या सिस्टरांना गाठा, आणि मोघम नको, नेमकं विचारा : बाईंनी कधी ऑपरेशन अडवलं होतं का? ‘आज मी भूल देणार नाही’ हे वाक्य सर्जन हात धुऊन उभा असताना म्हणायला काय लागतं, ते मला विचारा. असा एक प्रसंग हाती लागला, तर ‘कष्टाळू’ हा शब्द खोडून टाकता येईल.

‘घर आणि व्यवसाय दोन्ही सांभाळणारी’ हे तर आधी खोडा. पुरुष डॉक्टरबद्दल असं कुणी लिहीत नाही. शिवाय त्यात बाकीची माणसं पुसली जातात. रात्री सिझेरियनसाठी फोन आला आणि त्या निघून गेल्या, की तुम्हां भावंडांजवळ कोण असायचं? वडील, आजी, शेजारच्या काकू, जे कुणी असेल त्यांचं नाव लिहा. त्यांनी दार कसं लावून घेतलं आणि सकाळी तुम्हांला काय सांगितलं, हेही आठवत असेल तर उत्तम. आणि त्या नव्हत्या म्हणून हुकलेला एखादा कार्यक्रम अजून सलत असेल, तर तोही येऊ द्या. नातवंडं मोठी झाल्यावर गोड गोड पानांवर विश्वास ठेवणार नाहीत.

वहीबद्दल : नावं छापू नका. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनिव्हा जाहीरनाम्यात रुग्णाच्या मृत्यूनंतरही त्याचं गुपित राखायची शपथ आहे, आणि ही वही त्यांच्या त्याच शब्दावर लिहिली गेली. एखादं पान हवंच असेल, तर नाव आणि तारीख दोन्ही झाका. दुर्मीळ ऑपरेशन असेल तर तारखेवरूनही माणूस ओळखू येतो. अक्षर, औषधांचे डोस, समासातले शेरे राहू द्या. मूळ वही कुणाच्या हाती पडणार नाही अशी ठेवा. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं तर नकोच.

छापण्याआधी मजकूर एखाद्या भूलतज्ज्ञाला वाचायला द्या. औषधाचं नाव चुकलं की आम्हांला पुढचं दिसत नाही. माझ्याकडे पाठवलात तरी चालेल.