आयरिश सायकलपटू शॉन केलीने १९९२ची मिलान–सान रेमो ही इटलीतली सायकल शर्यत नेमकी कशी जिंकली?

पोज्जो या शर्यतीच्या शेवटाजवळच्या टेकडीच्या उतारावर. इटलीचा मोरेनो आर्जेंतिन चढावरच निसटला होता आणि माथ्यावर त्याच्याकडे काही सेकंदांची आघाडी होती. केली मागच्या गटातून सुटला, वळणावळणाला अंतर तोडत खाली आला आणि सपाटीवर त्याने आर्जेंतिनला गाठलं. खरी हुशारी पुढे दिसली: आर्जेंतिन त्याला पुढे येऊन ओढायला (म्हणजे वारा अंगावर घेत पुढे चालवायला) सांगत होता, केली मागेच राहिला. पाठलाग करणारा गट जवळ आल्याने आर्जेंतिनला थांबणंही परवडेना. शेवटच्या स्प्रिंटमध्ये केली सहज पुढे. वय ३५!

हे त्याचं नववं आणि शेवटचं मॉन्युमेंट, म्हणजे सायकलिंगच्या पाच सर्वात प्रतिष्ठित एकदिवसीय शर्यतींपैकी एकीतला विजय. या पाचांपैकी फक्त बेल्जियमची टूर ऑफ फ्लँडर्स हुकली; तिथे तो १९८४, १९८६, १९८७ असा तीनदा दुसरा आला.