गोव्यासारख्या छोट्या राज्यात सरकारी दवाखाने बरे चालतात, मग आपल्या ग्रामीण रुग्णालयांना पैसा का पुरत नाही? आणि इमर्जन्सीत पेशंटला सरळ गोव्याला न्यावं का?

दोन प्रश्न एकात घातलेत तुम्ही. पैशाचं मी सांगू शकतो, कारण २०१३ ते २०२० अशी सात वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात घाटमाथ्यावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात एनएचएमखाली, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात, कंत्राटी अकाउंटंट होतो. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस ब्रेक, परत अकरा महिने, ज्यांनी केलंय त्यांना कळेल. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, ओळखीची माणसं अजून तिथं नोकरीला आहेत. दुसऱ्या प्रश्नावरनं मात्र आमच्या घरात २०१७ पासून भांडण चालू आहे, त्यामुळं ते जरा लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

पहिलं म्हणजे गोव्याचं कौतुक जरा बेतानं करा. आख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटर, आपला एकटा कोल्हापूर जिल्हा ७,६८५. तालुके दोन्हीकडं बाराच. २०११ च्या जनगणनेला त्यांची लोकसंख्या १४.५९ लाख, आपली ३८.७६ लाख. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्म्या जागेत, निम्म्याहून कमी माणसांसाठी त्यांच्याकडं स्वतंत्र सरकार, स्वतंत्र आरोग्यमंत्री, आणि वर बांबोळीचं मेडिकल कॉलेज, ज्याची मुळं पोर्तुगीजांच्या १८४२ च्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातात. पार काणकोणच्या टोकावरनं निघालेला पेशंटसुद्धा सत्तर-ऐंशी किलोमीटरात बांबोळीला पोचतो. चंदगडच्या माणसाला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, यायचं तर शंभराच्या वर किलोमीटर, आणि एवढं येऊन तो अजून जिल्ह्याच्या बाहेर पडलेला नसतो. आमचे दाजी म्हापशाला असतात, मूळचे आपल्याकडचेच, पण आता तिकडचे झालेत. त्यांना हे मी कितीदा सांगितलं असेल. ते म्हणतात, "तू गणितच करत बस."

तर ते २०१७ चं. जुलै महिना, रोप लावण उरकत आलेली, पाऊस थांबायचं नाव नाही. आबा संध्याकाळी म्हशीला वैरण कापायला बांधावर गेले आणि घोट्याच्या जरा वर घोणस चावली. घोणसच, कारण कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज त्यांनी ऐकला होता आणि बॅटरीच्या उजेडात अंगावरचे गोल ठिपके पण बघितले होते. चुलतभावानं मोटरसायकलवर मधी बसवून आणलं, आणलं ते माझ्याच रुग्णालयात. मी ताट ढकलून पळत गेलो तोवर पाय गुडघ्यापर्यंत टरारला होता आणि हिरड्यांतनं रक्त यायला लागलं होतं.

मंजूर पदं बघितली तर वैद्यकीय अधीक्षक एक आणि वैद्यकीय अधिकारी तीन. भरलेली दोन. त्यातली एक बंधपत्रावरची मॅडम, एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी नोकरी करा नाहीतर दहा लाख भरा, त्या बाँडवर आलेली, लातूरकडची, पोरगीच म्हणायची. त्या रात्री तीच होती. तिनं आबांचं दोन मिली रक्त घेतलं, आणि मी आजही विसरलो नाही, स्वतःच्या पर्समधनं कापसात गुंडाळलेली काचेची नळी काढली. स्टोअरला नळ्या होत्या पण प्लॅस्टिकच्या. घोणसीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, ते बघायची ही टेस्ट, आणि तिला काचच लागते, कारण काचेला लागून रक्त गोठतं, प्लॅस्टिकमध्ये काही कळत नाही. म्हणून ही बया दोन नळ्या स्वतःच्या पैशानं आणून जवळ ठेवायची. नळी टेबलावर उभी केली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही.

त्या वीस मिनिटांत माझ्या मोबाईलवर दाजी.

"आणा की इकडं! बांबोळीला माझा माणूस आहे, मी गेटवर उभा राहतो."

मी म्हणालो, दाजी, आधी इथं सापाच्या विषावरची लस चालू होऊ दे.

"कसली लस? तिथं नळीकडं बघत बसलाय तुम्ही! एवढ्यात निम्मा घाट उतरला असता. म्हाताऱ्याला मारायला ठेवलंय काय तिथं?"

मागनं अक्काच्या रडण्याचा आवाज. खरं सांगतो, माझे पाय लटपटत होते, आणि गाडी पण दारात होती. आंबोली घ्या नाहीतर तिलारी घ्या, भर पावसातली रात्र, धुकं, वळणं, आणि बांबोळीपर्यंत अंगात एक थेंब औषध नाही. मी फोन कट केला. त्याचा राग दाजींना अजून आहे, म्हणजे फोन कट केल्याचा.

वीस मिनिटांनी मॅडमनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं घरंगळलं. गाठ नाहीच. लगेच फ्रिज उघडला. आत सापाच्या लसीच्या सहा कुप्या. पहिला डोसच आठ ते दहा कुप्यांचा असतो. कुपीत पावडर असते, पाणी घालून विरघळवायची, आणि जोरात हलवलं तर फेस होतो म्हणून दोन तळव्यांत धरून रवी फिरवावी तशी हळूहळू फिरवत बसायचं. सिस्टरांनी दोन, शिपायानं दोन, मॅडमनी एक, एक मी. तळहात थंडगार पडले होते. त्या सहा सलाईनमधनं गेल्या, १०८ नशिबानं दारातच उभी होती, पुढं उपजिल्हा रुग्णालयात उरलेल्या कुप्या मिळाल्या, तिथनं पहाटे सीपीआर. किडनीवर आलं होतं, चार डायलिसिस झाले, एकोणीस दिवसांनी घरी आणलं. आबा आज पण वैरणीला जातात, फक्त गमबूट घालून.

आता पैशाचा प्रश्न. फ्रिजमध्ये सहाच का होत्या, याचं उत्तर माझ्याकडं होतं कारण रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं. एप्रिलला पन्नासची मागणी घातली होती, वरनं वीस आल्या, आणि आमच्याकडं जून-जुलैत आठवड्याला एक-दोन केसेस असतात. तेव्हा बाजारात कुपी पाच-सहाशेला मिळत होती. आबांना पहिल्या डोसला चार कमी पडल्या, म्हणजे दोन-अडीच हजाराचा प्रश्न. आणि त्याच वर्षी मार्चच्या २७ तारखेला आमच्याकडं एक लाख ऐंशी हजार रुपये आले होते. कशासाठी? रंगरंगोटी आणि नामफलक. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा नाहीतर पैसे परत. त्या हेडचे, म्हणजे त्या खर्चाच्या खात्याचे, पैसे औषधाच्या हेडला वळवता येत नाहीत. बिलं मी लावली, व्हाउचरवर अक्षर माझं आहे. चार दिवसांत भिंती गुलाबी झाल्या. आबा ज्या खाटेवर होते तिच्यामागची भिंत नवीन रंगाची होती आणि मी बाजूला उभं राहून कुपी फिरवत होतो. बास, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

त्यामुळं "पैसा पुरत नाही" हे अर्धं खरं. कमी आहेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या आठ टक्क्यांच्या वर आरोग्यावर खर्च करावा असं लिहिलंय, महाराष्ट्र त्याच्या आसपास पण नाही. पण आहे तो पैसा पगाराचा वेगळ्या हेडचा, औषधाचा वेगळा, जिल्हा नियोजनचा वेगळा, एनएचएमचा वेगळा. एनएचएममध्ये केंद्राचे ६० आणि राज्याचे ४०, केंद्राचा हप्ता आधी राज्याच्या तिजोरीत, मग राज्याचा वाटा, मग जिल्हा, मग आम्ही, आणि मागच्या हप्त्याचं खर्चाचं सर्टिफिकेट गेलं नाही तर पुढचा अडकला. या सगळ्यात पावसाळा कुणासाठी थांबत नाही. आणि पुढारी लोकांचं म्हणाल तर त्यांना इमारत हवी असते. इमारतीला नारळ फोडता येतो, कुपीला कसा फोडणार? मशीन येतं, चालवणारा येत नाही. आमच्याकडं एक्स-रे मशीन कापडाखाली झाकून होतं, टेक्निशियन आठवड्यातनं दोन दिवस.

पुढच्या वर्षी, मे २०१८ ला, मी अधीक्षक साहेबांच्या मागं लागून रुग्ण कल्याण समितीच्या पैशातनं चाळीस कुप्या लोकल पर्चेसनं घेतल्या. त्या पावसाळ्यात आम्ही कुणालाही अर्ध्या डोसवर पुढं पाठवलं नाही. ऑडिटला आक्षेप निघाला, तीन कोटेशन नाहीत. अहो, आख्ख्या तालुक्यात एकच मेडिकलवाला ती लस ठेवत होता, तीन कोटेशन काय त्याच्या तीन पोरांकडनं घेऊ? खुलासा लिहिला, परत लिहिला, तिसऱ्यांदा लिहिला. वसुली लागली नाही पण माझ्या नोकरीच्या पुढच्या ऑर्डरला दोन महिने उशीर झाला आणि तो का झाला हे कुणी तोंडानं सांगितलं नाही. २०२० ला सोडलं. आता कोल्हापुरात एका होलसेल औषधवाल्याकडं हिशेब बघतो. पगार वेळेवर होतो.

न्यायचं कुठं? साप, अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, हार्ट अटॅक, यात राज्य बघायचं नाही, पहिलं औषध जिथं लवकर मिळेल तिथं जायचं. १०८ ला फोन लावतानाच विचारा की लस कुठं शिल्लक आहे. दोरी आवळून बांधू नका, भगताकडं तर नावच काढू नका. जवळच्या रुग्णालयात डोस चालू झाला की मग पुढं सीपीआरला जा, बेळगावला जा, गोव्याला जा, कुठं पण जा. ठरवून करायच्या ऑपरेशनला गोव्याचा विचार करणार असाल तर १ जानेवारी २०१८ पासून बाहेरच्या पेशंटला तिथं फी लागते हे धरून चला. त्यांची दीनदयाळ आरोग्य विमा योजना, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाख, ती तिथं पाच वर्षं राहिलेल्यांना आहे, आपल्याला नाही. यात मी गोव्याला नावं ठेवत नाही, त्यांच्या लोकांचा पैसा आहे. आपली मोफत उपचारांची महात्मा फुले योजना आहेच, केशरी-पिवळं कार्ड शोधत बसायची भानगड पण आता उरली नाही, लिमिट पाच लाखांचं झालंय.

एक गोष्ट मात्र दाजींच्या बाजूनं लिहायला पाहिजे. वर मी सगळं आकारावर ढकललं, ते पूर्ण बरोबर नाही. तामिळनाडू काय लहान आहे काय? तिथं १९९४ पासून औषधखरेदीचं सरकारी महामंडळ आहे आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं, त्यात जेवढी रक्कम तेवढं औषध गोदामातनं आपल्याला लागेल तसं उचलायचं. अडीच हजाराच्या कुप्यांसाठी अकाउंटंटला खुलासे लिहावे लागत नाहीत. आपल्याकडं पण २०२३ ला कायदा करून खरेदीचं वेगळं प्राधिकरण काढलंय. मी आता बाहेर आहे, आतली परिस्थिती आतल्यांनी लिहावी.

हे उत्तर अक्का दाजींना दाखवणार, मला माहिती आहे. दाखवू दे. दाजी, निम्मा घाट उतरल्यावर आबांना काय दिलं असतं तुम्ही, तेवढं एकदा सांगा. आणि फोन कट केला ते चुकलं, दिवाळीला आल्यावर तोंडावर म्हणीन.