भूऔष्णिक विजेचा दर: आकडा नंतर, आधी कलमं वाचा

तुम्ही साखर कारखान्याच्या को-जनवर (उसाच्या चिपाडापासून, म्हणजे बगॅसपासून, वीज करणाऱ्या प्रकल्पावर) आहात, म्हणून प्रश्न रास्तच आहे: सोलर अडीच रुपयांच्या आसपास मिळत असताना भूऔष्णिक विजेला (जमिनीखालच्या उष्णतेच्या वाफेवर होणाऱ्या) जवळपास दुप्पट दर, वर 25 वर्षांचा करार, कोण करणार?

बगॅस जळेल तसा खर्च होतो. भूऔष्णिकमध्ये मात्र इंधनाचा सगळा पैसा आधीच जमिनीत जातो. कोल्हापुरात कागल-करवीरकडं बोअर मारताना पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे मोजावेच लागतात, तसंच हे. फक्त विहीर दोन-तीन किलोमीटर खोल. वाफ हाताला लागेपर्यंत बँका सहसा उभ्या राहत नाहीत, म्हणून सुरुवातीचं भांडवल महाग पडतं. दराचं मूळ तिथं आहे.

कागदावर मांडून बघा. मेगावॅटला 30 कोटी आणि 90 टक्के पीएलएफ (पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात होते ते) धरा, म्हणजे वर्षाला 78.8 लाख युनिट. 25 वर्षांची परतफेड 8 टक्क्यांनी केली तर नुसता भांडवलाचा बोजा युनिटला 3 रुपये 57 पैसे. 12 टक्क्यांनी 4 रुपये 85 पैसे. विहीर तीच, टर्बाइन तेच, तरी सव्वा रुपया वाढला! लांबचा, पक्का करार हवा तो यासाठी. त्याच्या जोरावर कर्ज स्वस्त होतं. आणि ही वीज रात्रीही मिळते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्याला रात्रपाळीच्या भट्टीसाठी सोलरचे अडीच रुपये काय कामाचे?

दराची चढण-उतरणही बघा. इंडोनेशियाच्या 2022च्या नियमात पहिली 10 वर्षं दराची मर्यादा जास्त, पुढं कमी. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत हातात पैसा राहतो. कॅलिफोर्नियात 1980च्या दशकातल्या बऱ्याच करारांत पहिली 10 वर्षंच ऊर्जेचा दर ठरलेला होता. अकराव्या वर्षी तो गॅसच्या किमतीवर हलणाऱ्या बाजाराशी जोडला गेला, तेव्हा गॅस स्वस्त होता, आणि प्रकल्पांचं उत्पन्न धाडकन कोसळलं.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कलम वाफेच्या घटीचं. विहिरींचा जोर वर्षागणिक कमी होतो, मग उत्पादन टिकवायला नवीन विहिरी माराव्या लागतात. तो खर्च दरात आधीच धरलाय का? नसेल तर कमी युनिट दिल्याचा दंड कोणी भरायचा? आणि ग्रिडनं वीज उचलली नाही, तर त्या युनिटांचे पैसे मिळणार का? ही तीन उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय दोन प्रस्तावांचे दर शेजारी ठेवून तुलना करू नका.