बोटीवर कोण असावे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. धरमतर ते गेटवे पोहताना तुला अर्ध्यावर बोटीत ओढून घेतले, याचा राग चार पानांतही मावलेला नाही आणि ‘मी दमले नव्हते’ हे वाक्य तू तीन वेळा लिहिले आहेस. मी तेथे नव्हतो, तेव्हा तुझे खरे की बोटीवरच्यांचे, हा निवाडा मी करणार नाही. त्याऐवजी, 1925 साली हीच तक्रार असलेल्या एका मुलीविषयी लिहितो.

गर्ट्रूड एडर्ले हिला घरी ट्रूडी म्हणत. तिचा जन्म 1905 साली न्यूयॉर्कमध्ये, जर्मनीहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. वडिलांचे ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवर मांसाचे दुकान होते आणि उन्हाळ्यात हे कुटुंब न्यू जर्सीतील हायलँड्सच्या किनाऱ्यावर राहायला जाई. तेथे वडिलांनी तिच्या कमरेला दोर बांधून तिला धक्क्यावरून पाण्यात सोडले आणि दोराचे दुसरे टोक आपल्या हातात धरून ठेवले. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. गोवरामुळे तिला कमी ऐकू येत असे. पोहण्याने ते आणखी बिघडेल असे डॉक्टरांनी बजावले, तरी तिने पाणी सोडले नाही. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिला रिलेचे सुवर्ण आणि दोन कांस्यपदके मिळाली.

पुढच्याच वर्षी ती इंग्लिश खाडीत उतरली. तिचे प्रशिक्षक जेबेझ वुल्फ यांना स्वतःला विसाहून अधिक प्रयत्नांत ती खाडी कधीच पार करता आली नव्हती. सुमारे नऊ तासांनी ती बुडते आहे असे वाटून त्यांनी दुसऱ्या पोहणाऱ्याला तिला धरायला सांगितले आणि हात लागताच नियमाप्रमाणे प्रयत्न संपला. आपण केवळ विसावा घेत होतो, असे ती नंतर सांगत राहिली.

या प्रसंगानंतर ट्रूडीच्या जिद्दीचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत, पण मला तिचा हिशेबीपणा अधिक आवडतो. तिने प्रशिक्षक बदलला आणि 1911 साली स्वतः खाडी पार केलेल्या टॉमस बर्जेस यांना घेतले. अंगातला पोशाख पाण्याने फुगून ओढत होता, म्हणून बहीण मेग हिच्याबरोबर बसून दोन तुकड्यांचा हलका पोशाख तयार केला. गॉगलमध्ये पाणी शिरू नये म्हणून त्याच्या कडा वितळलेल्या मेणाने बुजवल्या. आणि सोबतच्या बोटीवर वडील व मेग यांना बसवून तिने आधीच ठरवून टाकले की, मी स्वतः सांगेपर्यंत मला कोणी हात लावायचा नाही. दोर पुन्हा वडिलांच्याच हातात आला, असे मला वाटते.

6 ऑगस्ट 1926 रोजी फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरावरून निघून, खवळलेल्या समुद्रात साडेचौदा तासांहून थोडा अधिक वेळ पोहून, ती इंग्लंडच्या किंग्जडाउन किनाऱ्याला लागली. खाडी पार करणारी ती पहिली स्त्री होती आणि तोवरच्या सर्वांत वेगवान पुरुषापेक्षा तिला सुमारे दोन तास कमी लागले. पुढे तिची श्रवणशक्ती जवळजवळ गेली आणि तिने कर्णबधिर मुलांना पोहायला शिकवले.

आता तुझ्याविषयी. तुझ्या पत्रात गॉगलबद्दल एक ओळ नाही, खाण्याच्या वेळांबद्दल नाही, आणि बोटीवर कोण होते हेही तू आयोजकांवर सोडलेले दिसते. पाण्यात तासन्‌तास राहिलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत हे नेहमी कळतेच असे नाही, म्हणून बोटीवर तुझा हात कसा पडतो हे रोज पाहिलेला माणूस हवा. त्याच्याशी आधी बोल, आणि थांबवायचे ते कोणत्या खुणेवरून, हे दोघांनी मिळून लिहून काढा.

रविवारी सकाळी ये. येताना तो गॉगल आणि त्या दिवशीची नोंदवही घेऊन ये. राग आणलास तरी चालेल.

तुझे सर