संगीतकाराला दिग्दर्शनाकडे वळायचं असेल तर आधी फिल्म स्कूल की थेट शॉर्टफिल्म?

बरीच वर्षं संगीत संयोजन केल्यावर आता दिग्दर्शन करायचंय आणि सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न आहे. थेट शॉर्टफिल्म करा, पण त्याआधी काही महिने एडिटिंगला बसा. तुमचा कान तिथे लगेच कामाला येतो.

विशाल भारद्वाज 'माचिस'च्या (१९९६) संगीतामुळे माहीत झाले आणि 'मकडी'पासून (२००२) दिग्दर्शक. सलील कुलकर्णींचा पहिला सिनेमा 'वेडिंगचा शिनेमा' २०१९चा. दोघांनीही संगीत स्वतःकडेच ठेवलं. पहिल्या शॉर्टफिल्मपुरतं तुम्ही मात्र नेमकं उलट करा: पार्श्वसंगीत अजिबात नको. सीन पडला की संगीतकाराचा हात आपोआप स्ट्रिंग्जकडे (व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांकडे) जातो आणि पटकथेतलं भोक झाकलं जातं. संगीत नसेल तर ते पहिल्याच कटमध्ये उघडं पडतं. लोकेशनवर प्रत्येक जागेचा रूम टोन (कोणी बोलत नसताना तिथे ऐकू येणारा आवाज) मात्र किमान ३० सेकंद घ्या, नाहीतर संवादांच्या मधल्या फटी ऐकू येतात.

कट ठोक्यावर मारायची सवय मोडावी लागेल. प्रत्येक कट समेवर आला की सीन म्युझिक व्हिडिओ वाटायला लागतो. दोन-तीन फ्रेम आधी किंवा नंतर कापून बघा. शिवाय पुढे संगीत घालाल तेव्हा लक्षात ठेवा: १२० बीपीएमचा (मिनिटाला १२० ठोके) ठोका सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर दर १२ फ्रेमला येतो, पण २५ फ्रेमवर १२.५ होतो, म्हणजे एक आड एक ठोका दोन फ्रेमच्या मध्ये पडतो. २५ फ्रेमलाच काम असेल तर १२५ बीपीएम घ्या, ठोका बरोबर १२ फ्रेमवर बसतो. ऑडिओचं सेशन पहिल्यापासून ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर उघडा, गाण्यांसाठी वापरता तो ४४.१ विसरा.

खरी अडचण नटांची. संगीतकार वादकाला सांगतो तसंच नटाला सांगतो: 'थोडं हळू', 'शेवटचा शब्द खाली आणा'. नट ती चाल हुबेहूब उचलतो आणि वाक्य मरतं. त्याऐवजी समोरच्याकडून काय हवंय ते द्या. 'तिला दारातून बाहेर पडू देऊ नका' एवढं सांगितलं की लय तो स्वतःच शोधतो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि वाद्यवृंद चालवलेल्यांना जरा जास्तच!

पटकथा चार-पाच पानांची, दोन पात्रं, एक खोली. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. ५० एमएमची, झूम न होणारी एकच लेन्स घ्या (खोली लहान असेल तर ३५), म्हणजे कॅमेरा कुठे ठेवायचा हा निर्णय टाळता येत नाही. पैसे कमी असतील तर कॅमेऱ्यावर वाचवा, साउंड रेकॉर्डिस्टवर नको.

फिल्म स्कूलचा विचार अशा दोन फिल्म झाल्यावर करा. तोवर नेमकं काय येत नाही ते कळलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते प्रकाशयोजनेएवढंच निघतं. त्यासाठी छोटा कोर्स पुरतो.