भुयारात वॉट नको, वायर न्या

प्रश्न : काका, आमचा पाच जणांचा ट्रेकिंग ग्रुप आहे. दोघांकडे हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स आहे. पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर आमचे ५ वॉटचे, १४५ मेगाहर्ट्झचे हँडसेट झकास चालतात. परवा एका बंद खाणीच्या भुयारात शिरलो. वाट जेमतेम मीटरभर रुंद. दुसऱ्या वळणापुढं नुसती खरखर. १० वॉटचा सेट घ्यावा का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पैसे खिशात ठेवा. वॉट दुप्पट केले तरी ओला दगड ती वाढ दोन-चार पावलांत गिळतो. भुयार म्हणजे लहरींचा पाइप. त्याची रुंदी निदान अर्ध्या लहरीएवढी तरी लागते. १४५ ची लहर २ मीटरची, म्हणजे तुमच्या मीटरभराच्या वाटेत ती तोंडाशीच अडते. हॅमच्याच ४३५ मेगाहर्ट्झची लहर ७० सेंटिमीटरची, सरळ वाटेत ती त्याहून आत जाईल. वळणावर मात्र तीही मार खाते. वळणावर एक माणूस उभा करून निरोप पुढं द्यायचा, हा त्यावरचा फुकटचा उपाय.

मी चांद्याकडच्या कोळसा खाणीत टेलिफोन सांभाळले. तिथं भरवसा हँडल फिरवायच्या फोनचा आणि दोन तारांचा. एकदा मी घाईत वायर जमिनीवरूनच सोडली. कोळशाचा टब, म्हणजे रुळावरची गाडी, तिच्यावरून गेला आणि दोन तास खालचं काही कळेना. ओव्हरमननं, म्हणजे खाणीतल्या मुकादमानं, जे सुनावलं ते इथं छापता यायचं नाही. तेव्हापासून वायर खांद्याच्या उंचीवर, भिंतीला टांगून. मोठ्या खाणींत जागोजागी आवरण उघडं ठेवलेली केबल टाकतात, तिच्यातून रेडिओ झिरपत जातो. इंग्लंडातले गुहा-बचाववाले ८७ किलोहर्ट्झवर, जमिनीत दोन खुंट्या ठोकून, थेट दगडातून बोलतात. तुम्हाला यातलं काही नको. तसलेच हँडलचे जुने दोन मॅग्नेटो फोन शोधा, उद्यमनगरातल्या वर्कशॉपात वायरीला हँडलचं रीळ करून घ्या.

आणि बाबांनो, बंद खाणीत परवानगीशिवाय शिरलात कसे? तिथल्या हवेत ऑक्सिजन कमी असला तर माणूस ओरडायच्या आधीच बसतो. परवानगी, जाणकार माणूस आणि ऑक्सिजन मोजायचं यंत्र, यातलं एक जरी नसलं तर बाहेरूनच परत फिरा. तोंडाशी एक जण फोनपाशी बसवा. दर १० मिनिटांनी आतून घंटी आलीच पाहिजे. नाही आली तर त्यानं आत धावायचं नाही, सरळ ११२ लावायचा.